अचूकता आणता येते, स्थिरता विकत घ्यावी लागते

अहिल्यानगर जिल्हा उसाचा, दुधाचा आणि अवर्षणाचा. या तिन्ही गोष्टी आज कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर अगदी सूक्ष्म व्होल्टेजमध्ये मोजल्या जातात. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे जिल्ह्यात कारखान्यांची रांग लागली. अशा कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची ट्रॉली चढते, तेव्हा खालच्या लोडसेलमधून येणारा संकेत पूर्ण भारालाही साधारण २० मिलिव्होल्टचा असतो. ५० टनी काट्यावर १० किलोचा फरक म्हणजे ढोबळ हिशेबाने ४ मायक्रोव्होल्ट. रसाची किंवा दुधाची आम्लता पाहणाऱ्या पीएच मीटरच्या इलेक्ट्रोडमध्ये पीएच एकाने बदलला की २५ अंश सेल्सिअसला सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. पारनेर-कर्जतकडच्या कोरडवाहू रानात मातीतला ओलावा सांगणारे स्वस्त सेन्सर आपले सगळे म्हणणे ० ते ३ व्होल्टमध्ये मांडतात. आकडा पडद्यावर टनात, टक्क्यांत किंवा अंशांत दिसतो, पण त्याच्या मुळाशी असते ते व्होल्टेज. म्हणून ज्याला मोजमापाची हौस आहे त्याला आज ना उद्या एक प्रश्न पडतोच: माझे यंत्र जे व्होल्टेज दाखवते, ते खरे कशावरून?

हा प्रश्न आता प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. लोणी, कोपरगाव, संगमनेर, विळद घाट इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणारी मुले, वायरमनचे काम करता करता आर्डुइनो शिकलेले कारागीर, ठिबकचे व्हॉल्व्ह मोबाइलवरून चालवू पाहणारे शेतकरी अशी बरीच मंडळी घरच्या टेबलावर मोजणारी यंत्रे बनवतात. त्यांचा आवडता ईएसपी-३२ हा मायक्रोकंट्रोलर घ्या. त्याच्या आतले संदर्भ व्होल्टेज ११०० मिलिव्होल्ट असावे अशी रचना आहे. प्रत्यक्षात ते चिपगणिक १००० ते १२०० मिलिव्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकते, असे उत्पादकच सांगतो. शिवाय मोजपट्टीच्या दोन्ही टोकांना त्याचे वाचन वाकडे होते. म्हणजे एकाच दुकानातून आणलेल्या दोन बोर्डांवर एकच सेन्सर लावला, तरी ओलाव्याचे आकडे वेगवेगळे येऊ शकतात. यावर उपाय एकच. त्या बोर्डाला ठाऊक असलेले व्होल्टेज पायरी-पायरीने द्यायचे, प्रत्येक पायरीला तो काय वाचतो ते टिपायचे, आणि त्यातून दुरुस्तीचा तक्ता करायचा. पायरी-पायरीने ठाऊक व्होल्टेज देणारे हे यंत्र म्हणजे प्रोग्रॅमेबल व्होल्टेज सोर्स.

दुरुस्तीच्या टेबलावर असणारा साधा पॉवर सप्लाय आणि हा सोर्स यांत फरक आहे. ठाण्याच्या ॲपलॅबसारख्या कंपन्यांचे सप्लाय महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांत वर्षानुवर्षे राबले आहेत. त्यांचे काम सर्किटला पुरेसा करंट पुरवण्याचे. व्होल्टेज चौथ्या-पाचव्या आकड्यापर्यंत नेमके असावे ही त्यांच्याकडून अपेक्षाच नसते. व्होल्टेज सोर्स करंट थोडा देतो, पण व्होल्टेज नेमके आणि बारीक पायऱ्यांनी देतो. योकोगावाचा ७६५१ हा १० मिलिव्होल्टच्या रेंजपासून ३० व्होल्टच्या रेंजपर्यंत काम करतो. केथलीचा २३० हा १०० व्होल्टच्या घरात जातो. दोन्ही संगणकाच्या आज्ञेवर चालतात. ही यंत्रे नवी असताना कारखान्यांच्या आणि संशोधन संस्थांच्याच आवाक्यात होती. आता ती बाद होऊन लिलावात, पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या आसपास किंवा परदेशी विक्रेत्यांकडून ऑनलाइन हौशी माणसापर्यंत पोचतात. त्यामुळे अशा जुन्या यंत्राची पारख कशी करायची, हा प्रश्न नगरच्या नागापूर वसाहतीपासून अकोले तालुक्यापर्यंत कुणालाही पडू शकतो.

पारख करताना बहुतेक जण एकच गोष्ट बघतात. सोर्सवर १० व्होल्ट लावायचे, मल्टिमीटर जोडायचा, १०.००० दिसले की यंत्र चांगले, १०.०१२ दिसले की वाईट. माझे म्हणणे असे की ही पारख मुळातच उलटी आहे. जुन्या सोर्सची अचूकता ही त्याची सर्वांत कमी महत्त्वाची बाजू आहे, कारण अचूकता बाहेरून आणता येते. एखाद्या चांगल्या मीटरशी एकदा ताडून पाहिले, फरक कागदावर लिहिला, की काम झाले. रोज नेमके पाच मिनिटे पुढे असणाऱ्या घड्याळावर गाडी चुकत नाही. कधी तीन मिनिटे पुढे आणि कधी चार मिनिटे मागे असणाऱ्या घड्याळावर मात्र चुकते. १० व्होल्ट मागितल्यावर सहा महिने, उन्हात आणि थंडीत, भार असताना आणि नसताना १०.०१२ व्होल्टच देणारा सोर्स हा उत्तम सोर्स आहे. आज १०.०००, उद्या ९.९९८ आणि परवा १०.००३ देणाऱ्या सोर्सला कुठल्याही प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र वाचवू शकत नाही. पैसे मोजायचे ते स्थिरतेसाठी.

हे पटण्यासाठी व्होल्ट येतो कुठून ते थोडक्यात पाहायला हवे. विसाव्या शतकाचा बराच काळ व्होल्टचे प्रमाण म्हणून वेस्टन सेल वापरला जाई. त्याचे व्होल्टेज सुमारे १.०१८६ व्होल्ट. १९६२ मध्ये ब्रायन जोसेफसन यांनी अतिवाहकांच्या जोडाविषयी जे भाकीत केले, त्यातून व्होल्ट थेट वारंवारतेशी बांधता आला, आणि २० मे २०१९ पासून तर तो निसर्गातल्या स्थिरांकांच्या ठरवून दिलेल्या किमतींवर उभा आहे. भारतात हे प्रमाण नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सांभाळले जाते. तिथून मुंबईच्या ईआरटीएल किंवा चुनाभट्टीच्या आयडीईएमआयसारख्या संस्थांमध्ये आणि मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळांमध्ये, आणि तिथून कारखान्यांतल्या मीटरपर्यंत ही साखळी येते. साखळीत वरच्या कडीकडून खालच्या कडीकडे जातो तो फक्त एक आकडा: अमुक दिवशी, अमुक तापमानाला हे यंत्र इतके व्होल्ट देत होते. तो आकडा उद्या खरा राहायचा की नाही, हे प्रयोगशाळेच्या हातात नसते. ते यंत्राच्या पोटात काय आहे त्यावर ठरते.

यंत्राच्या पोटात मुख्य असतो तो संदर्भ झीनर, म्हणजे ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड. इथे नगरच्या हवेचा संबंध येतो. उपकरणांच्या माहितीपत्रकातली अचूकता साधारण २३ अंशांच्या आसपास, पाचेक अंश इकडे-तिकडे, एवढ्यापुरती दिलेली असते. वातानुकूलन नसलेल्या नगरच्या घरात जानेवारीच्या पहाटे आणि मेच्या दुपारी टेबलावरच्या तापमानात २० अंशांचा फरक सहज पडतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त संदर्भ-व्होल्टेज मॉड्यूलवर एडी-५८४ ही चिप असते. तिच्या मधल्या दर्जाच्या प्रकाराला अंशामागे १५ पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाखांत १५ भागांपर्यंत बदल मान्य आहे. २० अंशांना हे ३०० पीपीएम, म्हणजे १० व्होल्टवर ३ मिलिव्होल्ट झाले. चांगल्या सोर्समध्ये आढळणारा एलएम-३९९ हा झीनर स्वतःच्या छोट्या हीटरने स्वतःला सुमारे ९० अंशांवर तापवून ठेवतो, त्यामुळे बाहेरच्या हवेचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. त्याचा बदल अंशामागे जास्तीत जास्त २ पीपीएम, म्हणजे त्याच २० अंशांना १० व्होल्टवर जेमतेम ०.४ मिलिव्होल्ट. भोवतीचे रोधक थोडी भर घालतात, पण अंतर स्पष्ट आहे. मल्टिमीटरही याच हवेत असतो. पुष्कळ हातातल्या मीटरांच्या माहितीपत्रकात असे लिहिलेले असते की २८ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला मूळ त्रुटीच्या एक दशांश इतकी भर धरावी. म्हणजे ३८ अंशांना मीटरची संभाव्य चूक दुप्पट. मेच्या दुपारी एका मीटरवर १०.००० पाहून खूश झालेल्या माणसाने नेमके काय मोजले, हे त्यालाही सांगता येणार नाही.

आता प्रत्यक्ष पारख. पहिली पायरी बटण दाबण्याआधीची. जपानमधून आलेले यंत्र १०० व्होल्टवर आणि अमेरिकेतून आलेले ११५ व्होल्टवर लावलेले असू शकते; तसेच आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात खुपसले तर ट्रान्सफॉर्मर जळतो. मागची पाटी वाचावी, आत सिलेक्टर किंवा जंपर आहे का ते पाहावे, फ्यूज त्या व्होल्टेजला साजेसा आहे का ते तपासावे. विक्रेता ‘चालू आहे’ म्हणतो तेव्हा अनेकदा त्याचा अर्थ दिवे लागतात इतकाच असतो. म्हणून मागच्या पाटीचा आणि आऊटपुटला मीटर जोडून ठेवलेला, असे दोन फोटो मागावेत. झाकण उघडून फुगलेले कॅपॅसिटर, मेन्सच्या बाजूचे तडे गेलेले पिवळसर फिल्टर कॅपॅसिटर आणि सांडलेली बॅटरी शोधावी. काही यंत्रांत कॅलिब्रेशनचे आकडे बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत असतात. ती बॅटरी संपली की आकडे जातात. पहिल्यांदा वीज देताना सिरीजमध्ये पिवळा बल्ब लावावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, प्रखर तेवत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. धातूची पेटी असलेल्या यंत्राला खरे अर्थिंग लागते, आणि जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असले तरी तिसरी पिन जमिनीपर्यंत पोचतेच असे नाही. १०० व्होल्ट देणारा सोर्स हाताळताना हे आधी तपासायचे.

दुसरी पायरी स्थिरतेची. इथे लगेच पहिला आक्षेप येतो: घरी प्रमाणच नाही, तर सोर्स स्थिर आहे की नाही हे कळणार कसे? याचे उत्तर असे की स्थिरता कळायला खरे मूल्य माहीत असावे लागत नाही. एकमेकांवर लक्ष ठेवणारे साक्षीदार लागतात. वेगवेगळ्या जातीच्या चिपवर बनलेली १० व्होल्टची दोन संदर्भ मॉड्यूल घ्यावीत आणि ती शक्यतो बॅटरीवर चालवावीत. सोर्स १० व्होल्टवर ठेवून त्याचे ऋण टोक मॉड्यूलच्या ऋण टोकाला जोडावे आणि दोघांच्या धन टोकांमध्ये मीटर लावावा. मीटर आता १० व्होल्ट मोजत नाही, दोघांतला फरक मोजतो, आणि तो काही मिलिव्होल्टचाच असतो. साडेचार अंकी मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर १० मायक्रोव्होल्टची पायरी दाखवतो. १० व्होल्टच्या तुलनेत ही पायरी एक पीपीएमची आहे. मीटर स्वतः ०.१ टक्का चुकत असला तरी २ मिलिव्होल्टच्या फरकावर त्याची ती चूक २ मायक्रोव्होल्टच होते. साधा मीटर अशा जोडणीत असामान्य काम करतो. आता सोर्स आणि पहिले मॉड्यूल, सोर्स आणि दुसरे मॉड्यूल, आणि दोन मॉड्यूल आपसांत, असे तीन फरक सकाळी, दुपारी, रात्री लिहावेत. शेजारी तापमान लिहावे. पहिले दोन फरक एकदम सरकले आणि तिसरा जागचा हलला नाही, तर सोर्स सरकला. पहिला आणि तिसरा सरकला, तर दोष पहिल्या मॉड्यूलचा. खरे मूल्य ठाऊक नसतानाही कोण भटकतो ते असे उघड होते.

या नोंदी आठवडाभर घेतल्या की यंत्राचा स्वभाव कळतो. सुरू केल्यावर पहिला तास-दोन तास सरकणे नैसर्गिक आहे; गरम झाल्यावर रेषा सपाट व्हायला हवी. दिवसाच्या तापमानाबरोबर हळू वरखाली होणारी रेषा सहन करता येते, कारण तिचा नियम बांधता येतो. मध्येच कारण नसताना पायरीसारखी उडी मारून नव्या जागी बसणारी रेषा मात्र धोक्याची खूण आहे; झीनर किंवा एखादा जोड आजारी आहे, आणि त्याला तक्ता करून दुरुस्त करता येत नाही. इथे जुन्या यंत्राची एक जमेची बाजू सांगितली पाहिजे. झीनरचे वयाबरोबर होणारे सरकणे सुरुवातीला जास्त असते आणि काळ जाईल तसे मंदावते. वीस वर्षे चालू राहिलेला चांगला संदर्भ नव्या संदर्भापेक्षा शांत असण्याची शक्यता मोठी असते. म्हणूनच आतल्या ट्रिमपॉटला घाईने हात लावू नये. आकडा देखणा करण्यासाठी स्क्रू फिरवला, की तोवर जमवलेला सगळा इतिहास पुसला जातो.

तिसरी पायरी पायऱ्यांचीच. सोर्स १० व्होल्टवर स्थिर असला म्हणून मधल्या सगळ्या मूल्यांवर नीट असेलच असे नाही. आधी शून्य मागावे आणि खरेच शून्य मिळते का पाहावे. मग अधिक १० आणि उणे १० यांची मापे सारखी येतात का पाहावे. त्यानंतर ४.९९९९ वरून ५.०००० वर जावे. अशा ठिकाणी आत बरेच स्विच एकदम बदलू शकतात. आऊटपुट एकाच पायरीने वर गेले पाहिजे, मोठी उडी किंवा उलटी पायरी दिसता कामा नये. ५ व्होल्टच्या मॉड्यूलशी फरकाच्या जोडणीत ही १०० मायक्रोव्होल्टची पायरी स्पष्ट दिसते. मिलिव्होल्टच्या रेंजमध्ये मात्र जोडांची काळजी घ्यावी लागते. स्वच्छ तांब्यावर स्वच्छ तांबे असा जोड अंशामागे मायक्रोव्होल्टचा अंशभरच त्रास देतो. काळे पडलेले, गंजलेले तांबे तोच त्रास हजार मायक्रोव्होल्टपर्यंत नेऊ शकते. १० मिलिव्होल्टच्या रेंजवर एक मायक्रोव्होल्ट म्हणजेच १०० पीपीएम. टर्मिनल घासून स्वच्छ करावेत, बोटांची ऊब उतरेपर्यंत थांबावे आणि मगच वाचन घ्यावे. नाहीतर तारेचा दोष यंत्राच्या माथी मारला जातो.

चौथी पायरी आपल्या विजेची. डिमरस्टॅटवरून सोर्सला २०० ते २५० व्होल्ट देऊन आऊटपुट हलते का ते पाहावे. गावठाण फीडरवर संध्याकाळी एवढा चढउतार नवलाचा नाही. १० व्होल्टवर १ किलोओहमचा भार लावावा, म्हणजे १० मिलिॲम्पिअर वाहतील. तारेत ०.१ ओहम रोध असेल तर तिथेच १ मिलिव्होल्ट, म्हणजे १०० पीपीएम, गळून जातो. म्हणून सेन्सच्या, म्हणजे भाराच्या टोकावरचे व्होल्टेज परत वाचणाऱ्या, वेगळ्या तारा असलेला सोर्स श्रेष्ठ, आणि त्या तारा काम करतात की नाही हे तपासायलाच हवे. ऑसिलोस्कोप मिळाला तर १०० हर्ट्झची लहर दिसते का पाहावे. दिसली तर आतले कॅपॅसिटर वाळले आहेत. हा दोष स्वस्तात निघतो, पण किंमत ठरवताना तो धरावा. शेवटी मुद्दाम वीज घालवून परत द्यावी. लोडशेडिंगनंतर काही यंत्रे आऊटपुट बंद ठेवून उठतात, काही आधीचेच व्होल्टेज पुन्हा सुरू करतात. आपण खोलीत नसताना यंत्र काय करील, हे जोडलेल्या बोर्डाच्या जिवाचा प्रश्न आहे. ‘प्रोग्रॅमेबल’ ही बाजूही याच वेळी तपासावी. जुन्या यंत्रांवर २४ पिनांचा जीपीआयबी सॉकेट असतो; १९७५ साली प्रमाणित झालेली ती पद्धत आता आर्डुइनोवर चालणाऱ्या स्वस्त अडॅप्टरनेही बोलती करता येते. ० ते ३ व्होल्ट १०० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी देऊन ईएसपी-३२ चा तक्ता बनवण्याचे काम हाताने कंटाळवाणे आणि चुकांचे असते. संगणकाने ते काही मिनिटांत आणि कितीही वेळा करता येते.

दुसरा आक्षेप असा की एवढा खटाटोप कशाला, एडी-५८४ चे मॉड्यूल किंवा आकड्याचे व्होल्टेज करणारा १६ बिटांचा डॅक बोर्ड घेऊन स्वतःच सोर्स बनवता येईल. ज्याला फक्त मल्टिमीटर ताडून बघायचा आहे, त्याला मॉड्यूल पुरते; त्याने जुने यंत्र घेऊच नये. पण मॉड्यूल २.५, ५, ७.५ आणि १० एवढीच चार उत्तरे देते, आणि ईएसपी-३२ चा वाकडेपणा या चार थांब्यांवर सापडत नाही. १६ बिटांचा डॅक १० व्होल्टचे ६५,५३६ भाग करतो, म्हणजे सुमारे १५३ मायक्रोव्होल्टची पायरी देतो. कागदावर हे पुरेसे आहे. प्रत्यक्षात त्याला स्थिर संदर्भ, कमी सरकणारे रोधक, भार पेलणारा शांत ॲम्प्लिफायर, शॉर्टपासून संरक्षण आणि उणे व्होल्टेजची सोय द्यावी लागते. हे सगळे करणे हा उत्तम अभ्यास आहे आणि ज्याला तोच अभ्यास करायचा आहे त्याने जरूर करावा. मात्र बनवलेल्या सोर्सलाही वरच्या चारही पायऱ्या चुकत नाहीत. वस्तू नवी असो वा जुनी, घरची असो वा विकतची, ती किती सरकते हा प्रश्न टळत नाही.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सोर्सऐवजी तेच पैसे चांगल्या मीटरवर खर्च करू नयेत का? एकच वस्तू घेता येत असेल, तर आधी मीटरच घ्यावा, हे मला मान्य आहे. मल्टिमीटरच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. शेजारच्या नाशिकमध्ये मोटवाने आणि ऋषभ यांच्यासारखे मीटर बनवणारे उद्योग आहेत. पण हा मुद्दा माझ्या म्हणण्याला बळच देतो. चांगला मीटर हाताशी असला की सोर्सने अचूक असण्याची गरज आणखी कमी होते. मीटर खरे मूल्य सांगतो, सोर्सने फक्त तिथे शांत उभे राहायचे असते. थरथरणाऱ्या सोर्सवर मात्र महागडा मीटरही नुसती थरथर वाचत बसतो. कॅलिब्रेशनच्या खर्चाचा आक्षेपही इथेच सुटतो. प्रमाणपत्राची फी कधीकधी जुन्या यंत्राच्या किमतीहून जास्त होऊ शकते, आणि हौशी कामाला त्या प्रमाणपत्राची गरज क्वचितच असते. नुकताच कॅलिब्रेट झालेला चांगला मीटर ज्या कॉलेजात किंवा कारखान्यात आहे, तिथे परवानगीने पाच-सहा बिंदूंवर तुलना करून आकडे, तारीख आणि तापमान लिहून आणले, तर ते पुरते. पण ते आकडे घरी येईपर्यंत आणि पुढे वर्षभर उपयोगी पडतील, हे आधी स्थिरता तपासली असेल तरच.

जुने यंत्र बंद पडले तर काय, ही भीती खरी आहे आणि तिच्यावर सरसकट उत्तर नाही. त्या काळच्या अनेक उत्पादकांनी सर्किटसह सर्व्हिस मॅन्युअल छापली. तारेचे पाय असलेले सुटे भाग, सॉकेटात बसणारे आयसी, उघडा ट्रान्सफॉर्मर ही रचना रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत हात बसलेल्या कारागिराला समजते. कॅपॅसिटर, रिले, नियामक आयसी आजही मिळतात. ज्या यंत्रात उत्पादकाने खास बनवलेली चिप आहे किंवा डिस्प्ले दुसरीकडे मिळत नाही, ते यंत्र तेवढ्या एका भागावर जगते. म्हणून खरेदीआधी मॅन्युअल शोधावे. ते नसेल तर किंमत पाडून मागावी किंवा सोडून द्यावे. आणखी एक मर्यादा पाळलीच पाहिजे. घरी पारखलेला सोर्स शिकण्यासाठी, सेन्सर ताडण्यासाठी आणि दोष शोधण्यासाठी आहे. व्यापाराचा वजनकाटा शिक्क्यानिशी चालतो आणि त्यात फेरफार करायला वैध मापन शास्त्र यंत्रणेचा परवाना लागतो. तिथे हौशी माणसाच्या तक्त्याला जागा नाही, आणि नसावी.

यातून खरेदीचा नियम सोपा निघतो. आकडा चुकीचा पण पक्का असेल, तर किंमत कमी करून घ्या आणि निश्चिंत मनाने वापरा. आकडा बरोबर पण डळमळता असेल, तर फुकटही नको. सोर्स घेतल्यावर त्याच्या पेटीत एक वही ठेवा: तारीख, तापमान, कुणाशी तुलना केली, किती फरक आला. वर्षभराने ती वही त्या यंत्राच्या मूळ प्रमाणपत्रापेक्षा मोलाची ठरते, कारण प्रमाणपत्र एका दिवसाची साक्ष देते आणि वही सगळ्या ऋतूंची. एकेका हौशी माणसाने हे करावेच. पण तालुक्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने असा वहीसकटचा एक सोर्स तुलनेसाठी खुला ठेवला, तर त्याचा लाभ कितीतरी टेबलांना होईल. पाण्याचा थेंब मोजून वापरायची सवय या जिल्ह्याने दुष्काळातून शिकली आहे. थेंब मोजणारी यंत्रे इथलीच मुले बनवत असतील, तर त्या यंत्रांच्या आकड्यांना आधार देणारी साक्षही इथेच उभी राहायला हवी, आणि ती उभी करायला पारखून घेतलेले एक जुने, स्थिर यंत्र पुरेसे आहे.